माइक महाग नको, जवळ हवा

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी बजावलं आहे, तेव्हा ते सांगत नाही. घरात यजमान, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. दुपारची आवराआवर झाली की दोन ते चार या वेळात या बाई मोबाइलवर आपल्या पदार्थांचे व्हिडिओ करतात आणि यूट्यूबवर टाकतात. पदार्थ घरचेच : शेंगोळी, कटाची आमटी, उपासाची भाजणी. पाहणाऱ्या बायका खाली लिहितात, "ताई, पदार्थ छान, पण तुम्ही काय सांगता ते ऐकूच येत नाही." यजमान म्हणतात, "कशाला हा खटाटोप? बंद कर आता." भिशीचे बारा हजार रुपये नुकतेच हातात आले आहेत. दुकानदाराने एक मोठा, चकचकीत माइक दाखवून ठेवला आहे. बाईंचा प्रश्न एवढाच : "घेऊ का?"

मी त्याच दिवशी कळवलं, "थांबा!" आणि आजचं हे पान त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. कारण असला माइक माझ्या घरी आहे आणि त्याने काय होतं ते मी भोगलेलं आहे.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. मुलाने मला वाढदिवसाला टेबलावर ठेवायचा एक चांगला माइक दिला होता. म्हटलं, सासूबाईंच्या ओव्यांपासूनच सुरुवात करू. त्यांना झोपाळ्याजवळ खुर्चीवर बसवलं. माइक चित्रात दिसू नये म्हणून तो नेऊन ठेवला कॅमेऱ्याच्या शेजारी, त्यांच्यापासून चांगला आठ-नऊ फुटांवर. मे महिना होता. म्हातारं माणूस घामाघूम होईल म्हणून पंखा पाचावर. दीड तास त्या म्हणत होत्या. मध्ये एकदा थांबवून कसं येतंय ते ऐकून पाहावं, एवढंही मला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाला सगळी माणसं जमली, तेव्हा ते रेकॉर्डिंग लावलं. पंखा स्वच्छ ऐकू येत होता. रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येत होता. सासूबाई मात्र कुठेतरी पलीकडच्या खोलीत असाव्यात तशा. नणंद म्हणाली, "वहिनी, जरा आवाज वाढव ना." मी वाढवला. पंखाही वाढला. मग कोणी काही बोललं नाही.

माइक चांगलाच होता, मैत्रिणींनो. मी तो लांब ठेवला होता, एवढीच चूक. म्हणून किमतीच्या आधी अंतराचं सांगते.

दूध आणि पाणी

तुमचा आवाज म्हणजे दूध समजा आणि खोलीतले बाकीचे आवाज म्हणजे पाणी. पंखा, फ्रिजची घरघर, रस्ता आणि भिंतींवर आपटून परत येणारा तुमचाच आवाज, हे सगळं पाणी. माइक बिचारा दोन्ही एकाच भांड्यात घेतो. आपल्या कानांचं तसं नसतं. समोरची बाई बोलत असली की कान पंख्याकडे दुर्लक्ष करतात, कारण मागे मन असतं. माइकला मन नाही.

आता हिशेब असा : तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं, की तोंडाकडून थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. पुन्हा दुप्पट केलंत की आणखी सहाने. पंख्याचा आणि भिंतींचा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे जसजसे लांब जाल तसतसं दूध कमी आणि पाणी तेवढंच. नंतर आवाज वाढवून काय होणार? पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दाट होत नाही. म्हणूनच हजार रुपयांचा माइक वीतभर अंतरावर असला, तर तो आठ फुटांवरच्या महागड्या माइकला सहज हरवतो.

पैसे घालण्याआधी

आधी घरात आहे तेच नीट वापरून पाहा. फोनचा बोलण्याचा माइक बहुधा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. तिथलं बारीक छिद्र कव्हराने किंवा आपल्याच बोटाने झाकलं जात नाही ना, ते बघा. कणकेचा हात लागून तिथे पीठ बसलेलं असतं, तेही मऊ ब्रशने हळूच झाडा.

घरात जुना फोन पडून असेल तर तो सर्वांत स्वस्त माइक! चित्र नव्या फोनवर घ्या आणि जुन्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायचं ॲप सुरू करून तो तुमच्या जवळ, चित्राच्या चौकटीच्या जरा बाहेर, वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. डब्यावर ठेवलात तर खाली नॅपकिनची घडी घाला, म्हणजे ओट्याचे धक्के त्यात उतरणार नाहीत. दोन्ही फोन सुरू झाले की एक खणखणीत टाळी वाजवा. नंतर व्हिडिओ जुळवताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक आणली, की काम झालं.

फोनबरोबर पूर्वी मिळायचा तो तारेचा इअरफोनही चालतो. त्याच्या तारेवर छोटा माइक असतो. तो केसांना किंवा साडीला घासू देऊ नका, म्हणजे झालं. बिनतारी ब्लूटूथचे इअरफोन मात्र या कामाला नकोत. त्यांचा माइक कानाशी असतो आणि तो चालू झाला की आवाज बहुधा दाबल्यासारखा, टेलिफोनवरून आल्यासारखा होतो.

विकत घ्यायचा तर कोणता?

उभ्याने स्वयंपाक करत बोलायचं असेल तर कॉलर माइक घ्या. चिमटा असलेला, वाटाण्याएवढा माइक. तारेचा घेतलात तर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. तो बहुतेक वेळा चहूकडून ऐकणारा असतो, त्यामुळे मान वळवून कढईत पाहिलंत तरी आवाज फारसा कमी होत नाही. घेताना त्याच्या पिनेकडे पाहा. पिनेवर प्लास्टिकच्या बारीक रेघा असतात. तीन रेघा असतील तर ती फोनसाठी, दोन असतील तर कॅमेऱ्यासाठी. हल्लीच्या पुष्कळ फोनना ते गोल भोकच नसतं. मग टाइप-सीची पिन असलेला माइक किंवा मधला जोड घ्यावा लागतो. दुकानात आपला फोन घेऊन जा आणि तिथेच लावून बघा. ब्लाउजसाठी आपण साडी घेऊन जातोच की, तसंच हे.

काही कॉलर माइकच्या तारेवर एक लहानशी डबी असते. तिच्यावर खटका असतो : एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. आत बटणासारखा सेल. खटका भलतीकडे राहिला की आवाज येत नाही आणि आपण माइकला बोल लावतो.

बिनतारी कॉलर माइक सोयीचा खरा. ओट्यापासून फ्रिजपर्यंत फिरता येतं, तार कढईत पडायची भीती नाही. पण तो महाग, दर वेळी चार्ज करावा लागतो, आणि आयत्या वेळी संपला की अख्खा व्हिडिओ मुका. आधी तारेचा घ्या. हात बसला आणि अडचण वाटलीच, तर बिनतारी.

एका जागी बसून बोलायचं असेल तेव्हा टेबलावरचा माइक उपयोगी. गोष्टी सांगायच्या, पुस्तकाबद्दल बोलायचं, पॉडकास्ट करायचा. पॉडकास्ट म्हणजे आपल्या आकाशवाणीवरच्या कार्यक्रमासारखाच प्रकार, फक्त ऐकणारीने तो आपल्या सवडीने, भाजी निवडताना ऐकायचा. यात दोन जाती सांगतात : कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सर माइकचे कान फार तिखट. बारीकसारीक सगळं टिपतो, शेजारच्यांचा मिक्सरसुद्धा. डायनॅमिक जरा जाड्या कानाचा. त्याच्या अगदी जवळ, चार-सहा बोटांवर तोंड नेऊन बोलावं लागतं. पण मग लांबचे आवाज त्यात कमी उतरतात. गाण्याच्या कार्यक्रमात हातात धरतात तो जाळीच्या गोळ्याचा माइक बहुधा याच जातीचा. श्युअर कंपनीचा एसएम५८ हा त्यातला प्रसिद्ध माइक, १९६६ सालापासून निघतो आहे. आपल्यासारख्या रहदारीच्या गावात, बंद खोली नसलेल्या घरात बसून बोलायचं, तर डायनॅमिक बरा.

दुकानात एक मात्र विचारा : "हा यूएसबीचा आहे की एक्सएलआरचा?" यूएसबीचा सरळ संगणकाला आणि योग्य तार असेल तर पुष्कळ फोननाही लागतो. एक्सएलआरच्या माइकला मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची वेगळी पेटी लागते आणि कंडेन्सर असेल तर त्या पेटीतून ४८ व्होल्टचा पुरवठाही द्यावा लागतो. म्हणजे माइक घेऊन घरी आलं की आणखी खर्च. दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असं नाही.

लावायचा कुठे?

कॉलर माइकची जागा हनुवटीखाली साधारण वीतभर, छातीच्या मधोमध. पुरुषांना शर्टाची पट्टी असते, आपल्याला पदर सांभाळायचा असतो. माइक पदराच्या सैल कडेला लावू नका. पदर हलला की घसघस उमटते. ब्लाउजच्या गळ्याला चिमटा लावा, किंवा पदर खांद्याशी नीट पिन करून त्याच्या घट्ट बसलेल्या घडीला लावा. तारेचा एक छोटा वेढा करून तो चिमट्यातच अडकवा, म्हणजे तारेला ओढ बसली तरी माइक हलणार नाही. बाकी तार पदराखालून मागे न्या आणि कमरेशी खोचा. कडक कांजीची साडी, टिश्यू, ऑर्गंझा यांची सळसळ फार. रेकॉर्डिंगच्या दिवशी मऊ सुती साडी किंवा कुडता बरा.

आणि मंगळसूत्र! नवीन माइक घेतल्यावर सतत टिकटिक का येते म्हणून माझी एक मैत्रीण तो परत करायला निघाली होती. तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या प्रत्येक हालचालीला माइकवर आपटत होत्या. मंगळसूत्र तेवढ्या वेळापुरतं ब्लाउजच्या आत सारा, किंवा माइक दोन बोटं बाजूला घ्या. काचेच्या बांगड्यांचंही तेच. पीठ मळताना किणकिण गोड वाटते, पण वीस मिनिटं कानात इअरफोन घालून ऐकणारीला ती नकोशी होते. बांगड्या मनगटावर मागे सारून वर रबर लावा.

टेबलावरचा माइक असेल तर तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नको. चार जाड पुस्तकं रचून तो तोंडाच्या उंचीला आणा, वीतभर अंतरावर. बहुतेक यूएसबी कंडेन्सर माइकमध्ये बाजूने बोलायचं असतं, शेंड्यात नाही. कंपनीचं नाव सहसा ज्या बाजूला लिहिलेलं असतं ती तुमच्याकडे करा. पुष्कळ बायका आइस्क्रीमच्या कोनासारखा शेंडा तोंडाकडे करून बोलतात आणि आवाज पातळ येतो म्हणून हळहळतात. माइकवर बदामासारखी खूण असलेलं बटण असेल तर एकट्याने बोलताना तेच ठेवा. त्या खुणेवर माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं पुष्कळसं सोडून देतो. तेव्हा त्याची पाठ खिडकीकडे किंवा फ्रिजकडे करायची.

आता आपल्या भाषेची एक गंमत. मराठीत प, फ, ब, भ यांनी सुरू होणारे शब्द किती! पोळी, फोडणी, बटाटा, भाजी. स्वयंपाकघरात यांच्यावाचून चालत नाही, आणि यांतल्या प्रत्येक अक्षराबरोबर तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो. तो माइकवर आदळला की 'भप्प' असा ठोका येतो. तोंडापुढे हात धरून "फोडणी" म्हणून बघा, कळेल. म्हणून माइक अगदी नाकासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे, जरा तिरका ठेवा आणि सरळ समोर बोला. वारा बाजूने निघून जातो, आवाज माइकला मिळतो. वर स्पंजची टोपी असली तर उत्तम. गच्चीवर वाळवणाचा व्हिडिओ करणार असाल तर ती टोपी हवीच.

दोघी बोलणार असाल तर एक माइक मधोमध ठेवू नका. तो दोघींपासून सारखाच लांब राहतो. दोन माइक घ्या. तुमच्यापासून तुमचा माइक जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. मग एकीचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये फारसा घुसत नाही.

खोलीलाही कान असतात

फरशी, टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, उघड्या भिंती : आपलं स्वयंपाकघर म्हणजे आवाजाचा चेंडूचा खेळ. खोलीच्या मध्यावर उभ्या राहून एक टाळी वाजवा. मागून 'टर्र' असा परतावा आला तर माइकमध्ये घुमणार हे समजा. उपाय घरातच आहे. ज्या भिंतीकडे तोंड करून बोलता तिथे, कॅमेऱ्याच्या मागे, दोरीवर गोधडी टांगा. खाली सतरंजी घाला. नुसतं बोलायचं असेल तर बेडरूममध्ये साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. एवढ्या कापडात आवाज मुरतो, परत येत नाही. महागड्या स्टुडिओच्या भिंतींवर मऊ अस्तर लावतात ते याच कामासाठी.

रेकॉर्डिंगपुरता पंखा आणि चिमणी बंद. फ्रिजही दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवायला हरकत नाही, पण नंतर सुरू करायचा विसर पडतो आणि दूध नासतं. त्यावर युक्ती अशी, की घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर पडताना आठवण होतेच!

फोडणी तडतडत असताना तिच्यावर आवाज चढवून ओरडू नका. तो तडतडाट तसाच राहू द्या, पाहणारीला त्याचाच वास येतो. सांगायचं ते गॅस बंद केल्यावर सांगा, किंवा पदार्थ झाल्यावर शांत खोलीत बसून चित्राबरोबर बोला आणि मागून जोडा. ओट्यावरची निम्मी कटकट यानेच मिटते.

चाखून पाहा

आमटी वाढण्याआधी आपण चाखतो की नाही? तसं आधी अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करा आणि इअरफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर नको, त्यात घरघर कळत नाही. बाहेरचा माइक खरोखर चालू आहे का, तेही बघायचं : रेकॉर्डिंग लावून आधी कॉलर माइकवर नखाने हळूच खरवडा, मग फोनच्या बुडाशी. ज्याची खरखर मोठी उमटेल, तोच माइक चालू. काही फोन बाहेरचा माइक लावला तरी आपलाच वापरत राहतात. मग दुसरं ॲप लागतं.

आवाजाची पट्टी दिसत असेल तर मोठ्याने बोलतानाही ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. वर टोकाला लागून लाल झाली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर रफू होत नाही. कमी उमटलेला थोडा वाढवता येतो. शेवटी गप्प राहून दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. नंतर घरघर पुसताना संगणकातल्या ॲपला तो नमुना उपयोगी पडतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना हे सारं मी थोडक्यात कळवलं होतं. परवा त्यांचं उत्तर आलं. नऊशे रुपयांचा तारेचा कॉलर माइक घेतला. बाकीचे पैसे मुलीच्या नावावर टाकले. पहिल्या व्हिडिओखाली एकीने लिहिलं, "ताई, आज तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला, किती गोड बोलता!" यजमानांनी ते दोनदा वाचलं म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपण होऊन कुकरची शिट्टी काढून ठेवली. (शिट्टी काढून कुकर लावायचा नाही हं! नंतर परत बसवा.)

पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून गावोगावच्या बायकांच्या लाखावर ओव्या जमल्या. त्यांतल्या पुष्कळ आज इंटरनेटवर वाचता येतात, काही त्या बायकांच्याच आवाजात ऐकताही येतात. मी कधी कधी लावते. त्यांत आमच्या सासूबाई नाहीत. त्यांचा आवाज टिपायचं काम माझ्याकडे होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, व्हिडिओ करा न करा, पण घरात कोणी पिकलं पान असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. पंखा बंद करा, हातपंख्याने वारा घाला. वाराही माइकवर नको, बाजूने. माइक त्यांच्या गळ्याशी वीतभर खाली लावा आणि विचारा, "तुमच्या लग्नात जेवायला काय होतं हो?" मग आपण गप्प बसायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. पाच मिनिटांनी थांबून, कानाला लावून, एकदा ऐकून बघायला मात्र विसरू नका.